गाडीचा हीटर: गावात कोमट, हायवेला गार. ऑटो क्लायमेट कंट्रोल बिघडलंय का?

निफाडकर
मंडळी, मदत हवी आहे. २०१५ ची पेट्रोल सेडान, मुंबईहून सेकंड हँड घेतलेली. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिसऱ्या प्रतिसादाला "ही गाडी घ्यायलाच नको होती" या वळणावर जातो.

ऑटो क्लायमेट कंट्रोल आहे, म्हणजे तापमानाचा आकडा लावला की बाकीचं गाडी स्वतः सांभाळते. एकच झोन, सगळ्या गाडीला एकच आकडा. उन्हाळ्यात एसी झकास चालला. आता थंडी पडली. निफाडची थंडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पहाटे पारा पाच-सहापर्यंत येतो आणि बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. पहाटे वडिलांना घेऊन नाशिकला निघतो. पॅनलवर २६ लावलं, ऑटो दाबलं, तर गावातून बाहेर पडेपर्यंत हवा जेमतेम कोमट होते आणि हायवेला लागलो की पुन्हा गार. टोलनाक्यावर थांबलो की परत कोमट. शिवाय गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डच्या मागून थोडा वेळ टक-टक-टक असा आवाज येतो.

एका गॅरेजला दाखवली. त्यांचं म्हणणं हीटर कोअर गेलाय, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, बावीस हजार. अण्णा घोंगडी पांघरून बसतात आणि म्हणतात, यापेक्षा पिकअप बरी होती. डॅशबोर्ड उतरवायच्या आधी आणखी काय तपासावं?

कोथरूडी पान्हा
गॅस कमी झाला असेल. आधी गॅस भरून घ्या.

गॅरेजकाका
कोथरूडी, गॅसचा आणि हीटरचा संबंध नाही हो. गॅस एसीला लागतो. हीटरला लागतं इंजिनचं गरम पाणी. इंजिन थंड ठेवायला जे कूलंट फिरतं, त्यातलंच थोडं डॅशबोर्डच्या मागच्या छोट्या रेडिएटरमधून जातं, तो हीटर कोअर. त्याच्यावरून पंख्याची हवा गेली की गरम हवा. ऑटो असो नाहीतर मॅन्युअल, उष्णता तिथूनच येते. (इलेक्ट्रिक गाड्यांचं वेगळं, ते सोडा.)

निफाडकर, तुमच्या लिहिण्यात एक फार कामाची गोष्ट आहे, ती म्हणजे थांबल्यावर कोमट आणि पळताना गार. हे उलटं असतं, म्हणजे थांबल्यावर गार आणि रेस केल्यावर गरम, तर मी म्हटलं असतं कूलंट कमी आहे, लाईनमध्ये एअर धरली आहे किंवा वॉटर पंप कमजोर आहे. त्यात डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाजही येतो. तुमचं तसं नाही. तुमचं इंजिनच तापत नाहीये असं वाटतं.

बॉनेट उघडा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून दोन रबरी पाईप आत जातात. गाडी चांगली वीसेक मिनिटं चालवून आणा, हायवेला, आणि लगेच दोन्ही पाईपना फडक्यावरून हात लावून बघा. पंख्याच्या आणि बेल्टच्या जवळ बाही, उपरणं, काही नको.

दोन्ही पाईप चटका बसेल इतके गरम, तरी आत गार हवा: कोअर ठीक आहे, हवा गरम-गार बाजूला वळवणारा आतला फ्लॅप (झडप) गरम बाजूला वळत नाहीये.
एक गरम, एक बराच थंड: कोअर चोंदलाय, किंवा ज्या गाड्यांत पाईपवरच वॉल (व्हॉल्व्ह) असतो तिथे तो वॉल उघडत नाहीये.
दोन्ही नुसते कोमट: इंजिन थंड चाललंय.

कोअर "गेला" हे मला पटत नाही. कोअर फुटला तर गाडीत गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर आतून चिकट थर बसतो, पायाजवळचं कार्पेट ओलं होतं. यातलं काही आहे का?

निफाडकर
वास नाही, कार्पेट कोरडं. पाईप उद्या बघतो. टेंपरेचरचा काटा या गाडीत मधोमध असतो, म्हणून इंजिन थंड असेल असं वाटलं नव्हतं.

वायरमन
काट्यावर जाऊ नका. बऱ्याच आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. साधारण सत्तर-पंचाहत्तरपासून शंभरच्या पुढेमागेपर्यंत तो मध्यावरच बसतो, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून. ज्या गाड्यांत काटाच नाही, तिथे इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो. तो हायवेला परत लागला तर निदान तिथेच झालं.

शंभर-दोनशे रुपयांत काय मिळतं याच्या नादी न लागता एक बऱ्यापैकी ओबीडी डोंगल घ्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं छोटं यंत्र. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावून मोबाईलवर कूलंटचं खरं तापमान बघा. पी ०१२८ हा बिघाडाचा कोड असेल तर त्याचा अर्थ "कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही". पण कोड नाही म्हणून सगळं आलबेल असंही समजू नका. आणि हीटरच्या फ्लॅपचे कोड बहुतेक स्वस्त डोंगलना दिसत नाहीत, ते वेगळ्या कंट्रोलरमध्ये असतात.

वैदर्भी वाघ
गॅरेजकाकांच्या बोलण्यात जे आलं नाही ते मी बोलतो. गाडी मुंबईची आहे ना? भाऊ, थर्मोस्टॅट आहे का ते आधी बघा! आपल्याकडे गाडी एकदा गरम झाली की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो आणि सांगतो, "आता कधीच गरम होणार नाही." नागपूरच्या मे महिन्यात मीच कितीतरी गाड्यांत रिकामं हाऊसिंग (थर्मोस्टॅटची डबी) पाहिलंय. मालकाला पत्ता नसतो. मुंबईत हीटर कोण लावतं? दहा वर्षं कळणारच नाही.

गॅरेजकाका
वाघ, मी पाईप बघून मगच बोलणार होतो, तुम्ही घाई केलीत. पण रोख बरोबर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: थर्मोस्टॅट म्हणजे आत मेण भरलेला वॉल. इंजिन गार असताना तो बंद राहतो, पाणी मोठ्या रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन पटकन तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना (गाडीप्रमाणे आकडा बदलतो, वॉलवरच कोरलेला असतो) मेण फुगतं आणि वॉल उघडतो. तो काढला, किंवा उघडाच अडकला, की पाणी सदासर्वकाळ रेडिएटरमधून फिरतं. हायवेला पहाटेचा वारा रेडिएटरवर आपटतो आणि इंजिन साठ अंशांवर रेंगाळतं. सिग्नलला वारा थांबला की जरा वर चढतं. निफाडकरांची गाडी हेच सांगते आहे.

हीटर हे त्यातलं सगळ्यात कमी नुकसान. थंड इंजिनला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाजत राहतो आणि ऑइल नीट तापत नाही, म्हणून त्यात पाण्याचा अंश साठतो. ॲव्हरेज किती पडतो?

निफाडकर
हायवेला बारा-साडेबारा. मला वाटलं जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.

कॅलगरीकर
वाचतोय. इथे उणे पंचवीस आहे, त्यामुळे हीटर हा आमच्याकडे चैनीचा विषय नाही. टक-टक आवाजाबद्दल लिहितो.

ऑटो क्लायमेटमध्ये फ्लॅप फिरवायला केबल नसते, छोट्या मोटरी असतात, ॲक्चुएटर. एक गरम-गार मिसळणारा, एक हवा काचेवर-तोंडावर-पायावर वळवणारा, एक बाहेरची हवा की आतली हे ठरवणारा. आत पांढऱ्या प्लॅस्टिकची दातेरी चक्रं असतात. दात तुटला की मोटर फिरते, चक्र त्याच जागी घसरतं आणि टक-टक येतं. गाडी चालू करताना कंट्रोलर सगळ्या फ्लॅपना टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघतो, म्हणून आवाज तेव्हाच जास्त.

माझ्या गाडीत दोन झोन आहेत. मागच्या वर्षी माझ्या बाजूने भट्टी आणि बायकोच्या बाजूने बर्फ असा प्रकार झाला. दोन्ही बाजूंना पाणी एकाच कोअरमधलं, म्हणून पाण्यापेक्षा संशय आधी फ्लॅपवर गेला. उजव्या बाजूचा ॲक्चुएटर निघाला. ग्लोव्ह बॉक्स उतरवला, तीन स्क्रू, नवा बसवला. पार्ट स्वस्त, पण हात घालायला जागा नाही, आणि शेवटचा स्क्रू कार्पेटखाली गेला तो गेलाच.

नवा बसवल्यावर त्याला टोकं शिकवावी लागतात. काही गाड्यांत पॅनलवरची ठरावीक बटणं एकत्र दाबून, काहींत क्लायमेटचा फ्यूज काढून परत लावून, इग्निशन ऑन केल्यावर मिनिटभर कशालाही हात न लावता. मॅन्युअलमध्ये बघा.

वायरमन
एक इशारा. डॅशबोर्डखाली हात घालणार असाल तर पिवळे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे. त्यांना हात लावायचा नाही. काम त्यांच्या जवळ असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, मगच.

निफाडकर
पाईप बघितले. दोन्ही सारखेच कोमट, हात आरामात ठेवता येतो. चुलतभावाचा डोंगल लावला: गावात उभी असताना ७९ पर्यंत चढलं, पिंपळगावकडे जाताना ५८ ते ६२, वर जाईच ना. आणि काटा मधोमध!

मग ओझरच्या एका मिस्त्रीकडे हाऊसिंग उघडलं. वाघसाहेब, तोंडात साखर. आत थर्मोस्टॅट नाहीच. नुसती गॅस्केट बसवून बोल्ट आवळलेले. जे पाणी निघालं ते कूलंट नव्हतंच, चहाच्या रंगाचं पाणी. मिस्त्री म्हणाला बोअरचं असावं, किटलीत धरतो तसा पांढरा थर हाऊसिंगच्या कडेला होता.

वैदर्भी वाघ
साखर पोचली. 😄 आता बोअरचं पाणी भरू नका म्हणजे झालं.

गॅरेजकाका
थर्मोस्टॅट नवा घ्याल तो बसवायच्या आधी पातेल्यात पाणी उकळून, दोरीला बांधून, पातेल्याच्या बुडाला न टेकवता सोडून बघा. उघडताना दिसला पाहिजे. घरचं पातेलं वापरू नका, घरून शिव्या खाल. कडेला बारीक भोक किंवा हलणारी पिन असते, ती वरच्या बाजूला ठेवायची, तिथून एअर निघते.

कोअरही धुऊन घ्या. दोन्ही पाईप सोडून, ज्या पाईपने पाणी बाहेर येतं तिथून बागेच्या नळीने हलक्या दाबाने उलटं पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका, जुना कोअर फुटेल आणि मग खरोखरच बावीस हजार लागतील.

कूलंट मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. हिरवं-लाल-निळं यावर जाऊ नका, रंगाला सगळ्या कंपन्यांत एकच अर्थ नाही. घट्ट (पाणी न मिसळलेलं) कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. भरताना पॅनलवर तापमान एकदम वर, गाडीचं नाक चढावर, इंजिन गार असतानाच टोपण उघडं ठेवून चालू करायचं आणि पाणी खाली जाईल तसं भरत राहायचं, रेडिएटरचा पंखा लागून बंद होईपर्यंत. तापलेल्या गाडीचं टोपण उघडू नये, हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

चालू पानावरून
थोडं अवांतर. हीटर लावला की पेट्रोल जास्त जळतं का? सासरे सिन्नरच्या घाटात हीटर बंद करायला लावतात.

गॅरेजकाका
नाही. ती उष्णता नाहीतरी रेडिएटरमधून वाया जाणारच होती. चढावर गाडी गरम होत असेल तर उलट हीटर पूर्ण सोडतात, तेवढीच उष्णता बाहेर पडते. सासऱ्यांना हे तुमच्या जबाबदारीवर सांगा.

वायरमन
फक्त एक: काचेवर आतून वाफ धरते तेव्हा ऑटो मोड किंवा काचेचं बटण आपणहून एसीही चालू करतं. तेव्हा कॉम्प्रेसर चालतो आणि थोडं पेट्रोल लागतं. ते बंद करू नका. एसी हवेतली ओल काढतो, हीटर तीच हवा गरम करतो, दोन्ही मिळून काच साफ होते. आणि त्या वेळी आतली हवा फिरवायचं बटण बंद पाहिजे. थंडी वाजते म्हणून लोक ते लावून ठेवतात आणि मग फडक्याने काच पुसत गाडी चालवतात.

कॅलगरीकर
> इलेक्ट्रिक गाड्यांचं वेगळं, ते सोडा.

इलेक्ट्रिकमध्ये वाया जाणारी उष्णता फार नसते, त्यामुळे हीटरला बॅटरीतूनच वीज लागते आणि कडाक्याच्या थंडीत रेंज चांगलीच घटते. म्हणून काहींमध्ये हीट पंप देतात. इथले लोक केबिनपेक्षा गरम होणारी सीट वापरतात. स्वतंत्र धागा काढा कोणीतरी.

निफाडकर
अपडेट. थर्मोस्टॅट बसवला, कोअर धुतला (निघालेला गाळ पाहून अण्णांनी नाकाला उपरणं लावलं), कूलंट भरलं. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. आता हायवेला कूलंट ८६ ते ९० वर स्थिर.

पण काम अजून अर्धंच झालंय. तापमान एकदम वर, म्हणजे पॅनलवर एचआय आलं, की भट्टीसारखी हवा येते. २६ लावलं की पहिली दहा मिनिटं छान, मग हळूहळू गार होत जाते. गाडीत थंडी आहे तरी त्याला वाटतंय पुरेसं गरम झालं. टक-टक अजून आहे. म्हणजे कॅलगरीकर म्हणतात तो ॲक्चुएटर का?

वायरमन
आता माझा विषय आला. एचआयवर हवा गरम येते, म्हणजे गरम-गार मिसळणारा फ्लॅप पूर्ण टोकाला जातोय. बऱ्याच गाड्यांत एचआय आणि एलओ या दोन टोकांना कंट्रोलर सेन्सरचं ऐकतच नाही, फ्लॅप सरळ टोकाला नेतो. मधल्या आकड्यांवर मात्र तो सेन्सरवर विसंबतो. टोकं चांगली आणि मधलं बिघडलेलं, तर संशय आधी सेन्सरवर.

सेन्सर तीन. पुढच्या बंपरच्या जाळीमागे बाहेरच्या हवेचा. तो तुटला तर बाहेरचं तापमान पॅनलवर भलतंच दिसतं, काही गाड्यांत उणे चाळीस. दुसरा डॅशबोर्डवर काचेजवळ, गोटीएवढा काळा घुमट, उन्हाचा. त्याच्यावर गणपती किंवा डॅशबोर्डचं कापड ठेवलेलं असेल तर त्याला ऊन कळत नाही, पण तुमची तक्रार पहाटेची आहे, तो सुटला. तिसरा केबिनचा. स्टिअरिंगच्या आसपास डॅशबोर्डवर एक इवलीशी जाळी असते, जिचा उपयोग कोणालाच ठाऊक नसतो, तिच्या मागे.

हा केबिनचा सेन्सर नुसता बसून राहिला तर त्याला डॅशबोर्डच्या मागचीच हवा कळेल. म्हणून त्याच्यावरून केबिनमधली हवा सतत ओढावी लागते. काही गाड्यांत त्याला छोटा पंखा असतो, बाकीच्यांत एक लवचिक नळी मागे ब्लोअरच्या (हवा फेकणाऱ्या पंख्याच्या) खोक्यापर्यंत जाते आणि तिथल्या हवेच्या झोताने ओढ तयार होते. नळी निसटली की सेन्सर डॅशबोर्डमागची कोंडलेली गरम हवा मोजतो आणि कंट्रोलर समजतो की माणसं उकडून निघाली आहेत.

चाचणी: पंखा पूर्ण वेगाने लावा, टिश्यू पेपरचा नखाएवढा तुकडा त्या जाळीवर धरा. हलकासा चिकटला पाहिजे. पडला तर नळी किंवा तो छोटा पंखा.

गाडीत नंतर म्युझिक सिस्टीम बदलली आहे का?

निफाडकर
हो! आधीच्या मालकाने मोठा टच स्क्रीन बसवलाय. तुम्हाला कसं कळलं?

वायरमन
स्क्रीन मागे ढकलताना आड येतं ते बाजूला सारतात. नळी काय, कशाला आहे, हे बघायला कोणाला वेळ आहे.

निफाडकर
टिश्यू पडला. तीनदा लावला, तीनदा पडला.

मग रविवारी स्क्रीनची चौकट काढली. खाली प्लॅस्टिकच्या क्लिप असतात, कटकट आवाज करत निघतात, प्रत्येक वेळी वाटतं तुटली. आत मोबाईलचा टॉर्च मारला तर सेन्सरच्या मागे काळी, पन्हाळीसारखी वळ्यावळ्यांची नळी, करंगळीएवढी जाड, दुसऱ्या टोकाने लोंबकळत होती. ब्लोअरच्या खोक्यावरचं तिचं तोंड दिसत होतं, हात पोचत नव्हता. शेवटी पुतण्याने हात घातला, बारा वर्षांचा आहे, त्याचा मनगटापर्यंत गेला. बसवली, वर झिप टाय लावला. जाळीत कापसासारखा धुळीचा गोळा होता, तो मऊ ब्रशने काढला. टिश्यू चिकटला.

आज पहाटे २४ वर नाशिक. अण्णांनी ओझरला घोंगडी काढली आणि नाशिकच्या द्वारका चौकात काच खाली करायला सांगितली.

टक-टकचंही कळलं, आणि त्याचा हीटरशी संबंधच नव्हता. केबिन फिल्टर काढला तर वर कडुनिंबाची वाळकी पानं, आणि एक काडी आतली-बाहेरची हवा बदलणाऱ्या फ्लॅपच्या कडेला अडकलेली. फ्लॅप मिटतच नव्हता आणि मोटर ढकलत राहायची. काडी काढल्यावर आवाज ऐंशी टक्के गेला.

कॅलगरीकर
उरलेल्या वीस टक्क्यांत एखादा दात झिजला असणार. फ्लॅप बंद-चालू होतोय तोवर चालवा. दात पूर्ण गेला तर तेवढा ॲक्चुएटर बदला, बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्समागे सापडतो.

चालू पानावरून
फार उपयोगी धागा. माझी पण ऑटो आहे आणि पहिली पाच मिनिटं पंखाच फिरत नाही. टिश्यू लावू का?

वायरमन
टिश्यू बाजूला ठेवा. थंडीत इंजिन गार असताना ऑटो मोड पंखा मुद्दाम बंद किंवा अगदी हळू ठेवतो, पायावर गार हवा येऊ नये म्हणून. कूलंट तापलं की आपोआप वाढवतो. उन्हाळ्यातही तसंच होत असेल तर मात्र पंख्याकडे बघा.

निफाडकर
एक शेवटचं. अण्णा विचारतात, मार्चनंतर थर्मोस्टॅट परत काढायचा का? मिस्त्रीने म्हणे तसं सुचवलंय.

गॅरेजकाका
अण्णांना नमस्कार सांगा. काढायचा नाही. उन्हाळ्यात तो उघडाच असतो, वाट अडवत नाही. आणि बऱ्याच इंजिनांत तोच वॉल उघडताना बाजूची बायपासची वाट बंद करतो. काढला तर ती वाट उघडी राहते, थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच गरम फिरत राहतं आणि मे महिन्यात गाडी उलट तापते. उन्हाळ्याआधी रेडिएटरच्या जाळीतली माती धुवा आणि टोपणाचं रबर बघा.